घामेजलेली घोडी

नागनाथ चाबूकस्वार कुणावर विश्वास ठेवत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुणी रामराम घातला की तो उत्तर देण्याआधी क्षणभर त्या माणसाच्या तोंडाकडे बघे. याला आज माझ्याकडून काय पाहिजे, हा विचार त्याच्या कपाळावर लिहिलेला दिसे. एसटीत बसला तर तिकीट उलटसुलट करून बघे. पाहुणा मुक्कामाला राहिला तर लगाम उशाखाली घेऊन झोपे.

त्याचा धंदाच तसा होता, असं तो स्वतः सांगायचा. चाबूकस्वार म्हणजे अडाणी, बुजरा घोडा माणसाला बसण्याजोगा करून देणारा. त्याचा बाप निजामाच्या अमलात एका जहागीरदाराच्या पागेत होता. पोलीस ॲक्शननंतर जहागीर गेली, पागा मोडली, आणि बाप एक जुनं खोगीर डोक्यावर घेऊन गावी परतला. त्याच्याकडून नागनाथ शिकला. घोडा विकणारे दात कानशीनं घासून वय लपवतात, पांढऱ्या डागाला काळा रंग लावतात, लंगड्या घोड्याचा दुसरा पायही थोडा दुखवून चाल सारखी करतात, हे सगळं त्यानं लहानपणीच पाहिलं होतं. "जनावर खोटं बोलत न्हाई, पर जनावराला धरून आलेलं माणूस बोलतंय," असं म्हणून तो घोड्याआधी मालकाला न्याहाळायचा.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून पायवाटेनं जवळ. मी सांगतो ती गोष्ट विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली. ठरावाच्या पावसाळ्यात जिल्ह्यात काय काय जळलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात घर जळालं नाही. पण हॉटेलातलं बोलणं दारात कोण आलं ते बघून बदलायला लागलं. बौद्धवाड्यातली पोरं चौघं मिळून उभी राहिली की वरच्या आळीतली माणसं विचारायची, कशाला उभी राहिलीत? आणि वरच्या आळीतली माणसं पारावर जमली की बौद्धवाड्यातल्या बाया पोरांना घरात ओढायच्या. अशा गावात नागनाथचा स्वभाव काही वेगळा उरला नव्हता. सगळं गावच त्याच्यासारखं झालं होतं.

त्या साली आबासाहेबांनी माळेगावच्या जत्रेतून एक कुमैत घोडी आणली. आबासाहेब म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार. दारात ट्रॅक्टर होता, जीप होती, पण घोड्यावरून शेताची फेरी मारावी, सोयऱ्यांच्या गावात घोड्यावरून शिरावं, ही हौस जुनी होती. घोडी लाल-काळी, बारीक कानांची, तीन वर्षांची. नाव ठेवलं साळुंकी. जवळ माणूस गेला की ती मागचा पाय उचलायची. आबासाहेबांनी ती नागनाथच्या पागेत आणून बांधली. पागा कसली, घरामागं पत्र्याचं छप्पर आणि पुढं गोल मोकळी जागा.

"पाडव्यापर्यंत मला हिच्यावर बसायचंय," आबासाहेब म्हणाले. "आणि चाल रवाल पाहिजे. हातातला पाण्याचा गिलास हिंदकळला न्हाई पाहिजे."

"दुसऱ्या कुणी हात लावला न्हाई, तर होईल," नागनाथ म्हणाला. "कोवळ्या घोडीवर दोन हात फिरले की ती कुणाचीच ऱ्हात न्हाई."

कामाला सुरुवात झाली. आधी लांब दोरीला धरून गोल फिरवणं. मग पाठीवर रिकामं पोतं, मग वाळूनं भरलेलं पोतं, मग खोगीर. मग एक दिवस नागनाथ स्वतः. तो कधी मारत नसे. ओरडतही नसे. तोंडानं टकटक आवाज करी आणि लगाम इतका हलका धरी की बघणाऱ्याला वाटावं, घोडी आपल्याच मनानं वळते. गोलाच्या समोरच्या बाजूला एक चपटा दगड होता. त्यावर बसून त्याची बायको धुरपताबाई ज्वारी पाखडायची, नाहीतर गोधडीला टाके घालायची. घोड्यांच्या खुराकाची चंदी भिजवणं, लीद काढणं, पाणी दाखवणं ही सगळी कामं तिची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या दगडावर बसत आली होती. तिला कुणी कधी विचारलं नाही की बाई, तू काय बघतेस?

संक्रांत झाली आणि एका सकाळी नागनाथला घोडीच्या कानामागं पांढरी रेघ दिसली. वाळलेल्या घामाची, मिठासारखी. त्यानं पाठीवर हात फिरवला. केस चिकटलेले होते, घोंगडी टाकल्यावर उमटावा तसा चौकोन. खूर उचलून पाहिला, तर आत ओली वाळू. आमच्या भागात सगळी काळी माती. वाळू फक्त ओढ्याच्या वळणावर.

"धुरपते," तो ओरडला, "घोडीला वाळूत कुणी नेली?"

"पाण्याला नेली आसंल मी," ती आतूनच म्हणाली.

"पाण्याला नेल्यावर घाम येतोय का?"

"मला काय ठावं. जनावर हाय. सपान पडलं आसंल त्याला."

त्याला ते उत्तर पटलं नाही, पण बायकोच्या अंगानं त्याचा संशय गेला नाही. तो जगाचा संशय घेई, पण दारातल्या तुळशीचा घेत नसे. बायको त्याच्या हिशोबी तशीच, घरातली एक जागा होती. दोन दिवसांनी पुन्हा तीच रेघ. मग त्यानं पागेच्या तोंडाशी चुलीतली राख पसरून ठेवली, पाऊल उमटावं म्हणून. सकाळी उठला तर अंगण लख्ख झाडलेलं, वर शेणाचा सडा.

"राख कुठं गेली?"

"कोणती राख? अवो, सकाळी सडा घालू का नको? लोक काय म्हणतील?"

पुढं तो स्वतःच पागेत खाट टाकून झोपायला लागला. तो पागेत असला की घोडी कोरडी. घरात झोपला की घोडी घामेजलेली. यावरून त्यानं पक्कं अनुमान काढलं. चोर लांबचा नाही. आपण कुठं झोपतो हे त्याला कळतं. तो रोज इथून जातो, आपल्याकडं बघतो.

आणि रोज पहाटे पागेवरून जाणारा एकच माणूस होता. भुजंग.

भुजंग बौद्धवाड्यातला, बायनाबाईचा मुलगा. बारावीपर्यंत शिकलेला. परभणीच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता, त्यामुळं पहाटेची गाडी धरायला पिंगळीला चालत जायचा. नामांतराच्या मोर्चात पुढं होता हे गावाला माहीत होतं. जाताना तो पागेशी घटकाभर थांबे आणि साळुंकीकडं बघे. हेही नागनाथनं पाहिलं होतं.

तेवढ्यात एक गोष्ट अशी घडली की त्याची खात्रीच पटली. घोडीच्या मागच्या पायाला जी पिछाडीची दोरी असते, तिची गाठ एका सकाळी त्याला उलटी दिसली. तो नेहमी एकाच तऱ्हेनं गाठ मारी. ही गाठ तशीच होती, पण आरशात बघावी तशी. डावखुऱ्या माणसानं मारलेली. आणि भुजंग डावखुरा होता.

दुसऱ्या दिवशी नागनाथ वाटेवरच उभा राहिला. उजाडत होतं. भुजंग डबा हलवत आला आणि सवयीनं थांबला.

"काय बघायलास?" नागनाथनं विचारलं.

"घोडी बघायलो."

"कशाला?"

"बघितल्यानं झिजती का?"

नागनाथनं हातातली दोरी पुढं केली. "एवढी या खुट्याला बांध बरं."

भुजंगला काही कळलं नाही. त्यानं डबा खाली ठेवला आणि दोरी बांधली, डाव्या हातानं. नागनाथ खाली वाकून गाठीकडं बघत राहिला. गाठ साधीच होती, पण वळण त्याच बाजूचं होतं.

"तू घोडीवर बसायलास," तो म्हणाला.

"कोण, मी?"

"गाठ सांगायलीय."

भुजंग हसला नाही. तो एक पाऊल मागं सरला आणि त्यानं आजूबाजूला बघून घेतलं, कुणी ऐकतंय का म्हणून. "नागनाथराव, गाठ डाव्या हातानं पडती मनून मी चोर झालो का? माज्या मामाच्या गावी नवरदेव घोड्यावर बसला होता. त्याला खाली वढून काय केलं ते आमी बघितलंय. मला न्हाई बसायचं घोड्यावर. आन् एक इचारतो. हे तुमच्या मनानं चाललंय का कुणी तुमाला पुढं केलंय?"

"मला कोण पुढं करंल?"

"ते मला काय ठावं. आजकाल आमच्यावर आळ घ्यायला कारण लागंना गेलंय." त्यानं डबा उचलला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो पागेवरून जायचा बंद झाला. लांबच्या बांधानं जायला लागला. नागनाथला वाटलं, अंगाशी आलं म्हणून वाट बदलली.

नागनाथच्या मनात कुणाकडं बोलायचं नव्हतं. हे मी त्याच्या बाजूनं सांगतो असं नाही, तो खरंच गप्प होता. पण आबासाहेब स्वतःच घोडी बघायला आले. घोड्याची माहिती त्यांनाही होती. कानामागची रेघ त्यांना दिसली.

"नागनाथ, तू हिला पहाटं पळवतोस का?"

"न्हाई मालक."

"मग कोण पळवतंय?"

घोडी बिघडली तर पुन्हा कुणी नागनाथच्या दारात घोडा बांधणार नव्हतं. त्यानं भुजंगचं नाव घेतलं. "संशय हाय," असंच तो म्हणाला. पण हा शब्द आबासाहेबांच्या वाड्यापर्यंतही टिकला नाही. दुपारी हॉटेलात लोक म्हणत होते की भुजंगला रंगेहाथ धरला. संध्याकाळी म्हणत होते की घोडी माळेगावलाच नेऊन विकायचा बेत होता. आणि दिवे लागेपर्यंत असंही ऐकू आलं की जयंतीच्या मिरवणुकीत तिच्यावर बसून वरच्या आळीतून जायचं असं बौद्धवाड्यानं ठरवलंय. कोण सांगतंय असं विचारलं, तर प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवी.

दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या काढणीला बौद्धवाड्यातल्या बायांना बोलावणं आलं नाही. गिरणीवाल्यानं बायनाबाईचं दळण परत केलं, पट्टा तुटलाय म्हणून. पट्टा चालू असल्याचा आवाज ओढ्यापर्यंत येत होता. आबासाहेबांनी निरोप धाडला की उद्या सकाळी भुजंगनं चावडीवर यावं. कबूल करावं, नाहीतर फौजदाराला बोलावलं जाईल.

धुरपताबाईला हे काही माहीत नव्हतं. नवरा तिला सांगत नसे आणि ती बाहेर फारशी बोलत नसे. ती विहिरीवरून येत होती तेव्हा समोरून बायनाबाई आली. डोक्यावर ज्वारीची पाटी तशीच, न दळलेली.

"गिरणी बंद हाय का बाई?" धुरपताबाईनं विचारलं.

बायनाबाई थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "तुज्या नवऱ्याला इचार. माज्या लेकाला घोडीचोर केलंय त्यानं. उद्या फौजदार येणार हाय, आमच्या घरात काय घावतंय ते बघायला. घावंलच काहीतरी. असं घावतंच."

धुरपताबाई घागर घेऊन तशीच उभी राहिली. पाणी तिच्या लुगड्यावर सांडत होतं.

घोडीवर तीच बसत होती. गावातल्या बायका अंधारात उठून बाहेर जातात, त्यांना कुठं चाललीस असं कुणी विचारत नाही. त्याच वेळी ती घोंगडी घडी करून साळुंकीच्या पाठीवर टाकी, ओढ्यापर्यंत चालवत नेई, आणि वाळूत पोचली की वर बसे. पहिल्यांदा पाण्याला नेताना सहज बसली होती. घोडी हलली नाही. चार पावलं चालली, आणि मग धुरपताबाईला उतरावंसं वाटलं नाही. इतकंच. त्यात कुणाचं वाईट करायचं तिच्या मनात नव्हतं, आणि सांगण्यासारखंही काही नव्हतं. सांगितलं असतं तर नागनाथनं पहिला प्रश्न काय विचारला असता हे तिला ठाऊक होतं. पहाटे, अंधारात, ओढ्याला, कुणाला भेटायला?

त्या रात्री तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. नागनाथ भाकरी मोडता मोडता म्हणाला, "उद्या सोक्षमोक्ष लागतोय." तिनं त्याच्या ताटात पिठलं वाढलं आणि उठून गेली.

सकाळी चावडीपुढं माणसं जमली. मीही होतो. आबासाहेब खुर्चीवर, नागनाथ त्यांच्या बाजूला उभा, हातात पिछाडीची दोरी. भुजंग समोर. त्याच्या मागं बौद्धवाड्यातली माणसं, थोडं अंतर ठेवून. दोन्हीकडच्या माणसांच्या मागं काठ्या उभ्या होत्या. कुणी उगारल्या नव्हत्या, पण आणल्या होत्या.

"ही गाठ तुझी का?" आबासाहेबांनी विचारलं.

"न्हाई."

"मग कुणाची?"

"ते ज्याची घोडी, त्यानं बघावं. गाठीला नाव लिवलेलं नसतंय."

मागून कुणीतरी शिवी दिली. बौद्धवाड्यातला एकजण पुढं आला. तेवढ्यात वेशीच्या अंगानं टापा ऐकू आल्या. पळण्याच्या नाहीत, रवाल चालीच्या, एकसारख्या. सगळ्यांनी मान वळवली.

धुरपताबाई साळुंकीवर बसून येत होती. काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर मात्र दुसरा पदर ओढावा तसा एक जुना पंचा. पाठ ताठ. लगाम इतका हलका धरलेला की हातात आहे की नाही कळू नये. घोडी माणसांना बुजत होती, कान मागं टाकत होती, पण ती बाई तोंडानं टकटक करी आणि घोडीचे कान पुन्हा उभे राहत. माणसं बाजूला झाली. ती थेट खुर्चीपर्यंत आली आणि थांबली.

मग एक म्हातारा खो खो हसायला लागला, आणि हसता हसता गप्प झाला.

"मालक," ती म्हणाली. "घोडीवर मीच बसायले. संक्रांतीपासून. त्या पोराचा काही संबंध न्हाई."

आबासाहेबांनी नागनाथकडं पाहिलं. नागनाथचं तोंड उघडं होतं.

"कुणी शिकवलं तुला?" आबासाहेबांनी विचारलं.

"ह्यांनी."

"मी?" नागनाथ ओरडला. "मी कधी शिकवलं?"

"मला न्हाई. घोड्यांना शिकवायचे. मी समोर बसायचे."

आबासाहेब हुशार माणूस. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांना वाटलं, बौद्धवाड्याच्या भीतीनं नाहीतर पोलिसाच्या भीतीनं या नवराबायकोनं रातोरात हे सोंग उभं केलं. घोडी शिकलेलीच आहे, तिच्यावर कुणीही बसून येईल. "उतर," ते म्हणाले. "आणि परत बस. आणि ही दोरी बांधून दाखव."

ती उतरली, परत चढली, पुन्हा उतरली, सगळं उजव्या अंगानं. जगातला कुठलाही स्वार डाव्या अंगानं चढतो आणि उतरतो, हे आम्हाला त्या दिवशी आबासाहेबांनी सांगितलं, रागानं सांगितलं. धुरपताबाईनं नागनाथच्या हातातली दोरी घेतली, घोडीच्या मागं बसली आणि गाठ मारली. उजव्याच हातानं मारली. पण गाठ उलटी पडली, त्या दिवशीसारखी.

"उलटं का करायलीस?" नागनाथनं विचारलं. तो आता ओरडत नव्हता.

"मला हेच सुलटं वाटतंय," ती म्हणाली. "तुमी माज्याकडं तोंड करून करायचाव. तुमचा डावा हात माज्या उजव्या अंगाला यायचा. मी बघून बघून तसंच शिकले."

नागनाथनं ती गाठ हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाही. आबासाहेब उठले. जीपकडं गेले. माणसं हळूहळू पांगायला लागली. काठ्या होत्या, त्या काखेत गेल्या.

भुजंग मात्र जागचा हलला नाही. नागनाथ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि शब्द शोधायला लागला. भुजंगनं त्याला शोधू दिले नाहीत.

"बाई आली मनून सुटलो," तो म्हणाला. "न्हाई आली आसती तर?"

भुजंग धुरपताबाईकडं वळला, तिला हात जोडले, आणि आईला घेऊन गेला. बायनाबाईनं मागं वळून पाहिलं. तिच्या तोंडावर समाधान नव्हतं. पुढं कशावरून काय निघेल हे शोधत असावी तशी ती बघत होती.

घरी आल्यावर नागनाथनं तो प्रश्न विचारलाच. धुरपताबाई त्याचीच वाट बघत होती.

"पहाटं कुणाला भेटायला जायचीस?"

"घोडीला."

"खरं सांग."

"तुमी जाऊन बघा. वाळू कुठं पळून जात न्हाई."

आणि तो खरंच गेला. दुपारच्या उन्हात ओढ्याच्या वळणावर जाऊन टापा बघत बसला. माग काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं सगळी वाळू पायाखाली घातली. दुसरं पाऊल कुठं दिसतं का, बिडीचं थोटूक, काही. काही नव्हतं. एका बाईची अनवाणी पावलं आणि घोडीचे खूर. पण खूर सरळ गेले नव्हते. वाळूत गोल काढलेले होते, आणि दोन गोल एकमेकांत गुंतवून इंग्रजी आठाचा आकडा. घोडा दोन्ही बाजूंनी सारखा वळावा म्हणून चाबूकस्वार काढतात तसा. वळणावर कुठं खूर घसरलेला नव्हता. एकसारखा आकडा, पुन्हा पुन्हा त्याच रेषेवरून गेलेला. नागनाथ त्या आकड्याच्या मधोमध उकिडवा बसला होता, हे ओढ्यावर म्हशी धुणाऱ्यांनी पाहिलं. उठला तेव्हा सावली लांब झाली होती.

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "डाव्या वळणाला तुजा लगाम आखडतोय. ढिला सोड."

आबासाहेबांनी साळुंकी त्याच आठवड्यात नेली. बाईमाणूस बसलेल्या घोडीवर ते बसणार नव्हते, पण गड्याला बसवणार होते. चार दिवसांत दोन गडी पडले. नागनाथखेरीज दुसरा माणूस डाव्या अंगानं चढायला गेला की घोडी गर्रकन वळे. आबासाहेबांना वाटलं, नागनाथनं रागानं घोडीला काहीतरी करून ठेवलंय, खोड लावून दिलीय. त्यांनी विचारायला माणूस पाठवला. नागनाथनं निरोप धाडला, "उजवीकडून चढा." याचाही त्यांना अपमान वाटला. घोडी पुढच्या जत्रेत विकली गेली. कुणी घेतली ते आम्हाला कळलं नाही. तिचं नाव निघालं की धुरपताबाई उठून आत जायची.

त्यानंतर बरीच वर्षं आमच्या भागातला कुणी घोडा घेऊन नागनाथकडं आला नाही. बायकोला घोड्यावर बसवणारा चाबूकस्वार, असं त्याचं नाव झालं. बौद्धवाड्यात त्याला कुणी पाणी विचारलं नाही. तो एकदा बायनाबाईच्या दारात गेला होता, माफी मागायला. ती उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "नागनाथराव, तुमी वाईट माणूस न्हाईत. पर तुमच्या नुसत्या संशयानं माज्या लेकापुढं काठ्या आल्या. आमच्या संशयानं कुणाच्या दारात काठ्या जायच्या न्हाईत. तेवढं ध्यानात ठेवा." तो ऐकून परत आला. हे त्यानंच पुढं मला सांगितलं, काही न लपवता.

मग एका जत्रेतून त्यानं एक म्हातारं, शांत तट्टू आणलं आणि पुढं आणखी एक. गंगाखेडला गोदावरीच्या पात्रात, यात्रेच्या दिवसांत आणि सुट्टीच्या दिवसांत, ती दोघं नवराबायको माणसांना घोड्यावरून फिरवायला लागली. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या बाया यायच्या, नवी जोडपी यायची, देवदर्शनाला आलेले शहरी लोक यायचे. बायांना धुरपताबाई बसवी. त्या आधी लाजत, मग चार पावलं गेलं की हसत. कधी एखादी म्हणे, अजून एक फेरी. कारखान्यातल्या एका इंजिनिअरची बायको तर सहा महिने रोज येऊन शिकली आणि बदली होऊन जाताना धुरपताबाईला मिठी मारून रडली.

नागनाथचा स्वभाव गेला नाही. फिरायला आलेल्या माणसाला तो आधी खालून वर न्याहाळी. दारू प्यालाय का? तट्टाला टाच मारील का? नाव काय, गाव काय? धुरपताबाई म्हणे, "अवो, ते फेरी मारायला आलेत, सोयरीक करायला न्हाई."

ठरावानंतर सोळा वर्षांनी, नामांतर झालं त्या वर्षी, उन्हाळ्यात, भुजंग गंगाखेडला आला. तेव्हा तो परभणीत राहत होता, केस कानाशी पांढरे झालेले. सोबत बायको आणि लहान मुलगी. मुलीनं घोडा बघितला आणि हट्ट धरला. भुजंग लांबूनच ओळखून थांबला होता. जावं की परतावं, असं. धुरपताबाईनं त्याला हाक मारली.

मुलीला उचलून घ्यायला तिनं हात पुढं केले, पण भुजंग म्हणाला, "जरा थांबा."

तो तट्टाजवळ गेला. खोगिराखाली हात घालून बघितला, काही टोचणारं आहे का. पोटाखालचा तंग ओढून पाहिला. रिकिबीची, म्हणजे पाय ठेवायच्या कडीची, कातडी वादी बोटांनी चाचपली, टाका न् टाका. लगाम तपासला. शेजारी नागनाथ उभा होता. त्याचं हे रोजचं काम दुसरा माणूस त्याच्यासमोर, त्याच्यावर विश्वास नाही म्हणून करत होता. धुरपताबाईला वाटलं, आता हा काहीतरी बोलतो.

"पलीकडचीबी बघा," नागनाथ म्हणाला. "उन्हानं वादी वाळती."

भुजंग पलीकडं गेला. तीही वादी त्यानं तपासली. मग मुलीला स्वतःच्या हातानं वर बसवलं. दोरी धुरपताबाईनं धरली, आणि भुजंग मुलीच्या पायाला हात लावून सोबत चालत राहिला, पात्रात दूरपर्यंत. नागनाथ सावलीत गेला नाही. ते परत येईपर्यंत उन्हात तसाच उभा होता.

मुलगी उतरल्यावर भुजंगनं त्याच्याकडं पाहून मान हलवली. मग यात्रेतल्या दोन बाया फेरीसाठी येऊन उभ्या राहिल्या, आणि धुरपताबाईनं त्यातल्या धीटपणे बघणारीला विचारलं, "आधी तू बसतीस का?"